शंभर ठोकळ्यांची पिशवी

ता. ९ जानेवारी

शालकमहाशय,

तुमचं पत्र आणि काडेपेटी काल पोहोचली. काडेपेटीत तीन ठोकळे निघाले: झेड, ए आणि एक्स. पत्रात फर्मान, की हे याच क्रमाने पटावर उभे लावावेत. 'झॅक्स' नावाचा शब्द इंग्रजीत आहे हे मला अडतीस वर्षं इंग्रजी शिकवून कळलं नव्हतं, ते तुम्हाला पाट्या रंगवताना कळलं असेल तर कुठल्या दुकानावर, तेही कळवा. झुरळं मारायच्या पावडरीचं नाव असेल तर ते चालणार नाही.

विसरणं तुम्हाला सोयीचं असतं, म्हणून करार पुन्हा लिहून देतो. गेल्या जूनमध्ये, माझ्या निवृत्तीच्या चहापानाला, पाहुण्यांसमोर तुम्ही इंग्रजी शब्द जुळवायचा हाच पट उधळलात. एक ठोकळा प्राचार्यांच्या कपात पडला. कारण काय, तर मी म्हणालो, "माझा मेहुणा इंग्रजी अक्षरं काढतो, वाचत नाही." वाक्य खरं होतं म्हणून झोंबलं. मग दोघांनी शपथा घेतल्या. पोस्टाने एक पूर्ण डाव खेळायचा. तुम्ही जिंकलात तर मी तुमच्या कारखान्यात येऊन, तुमच्या माणसांसमोर ते वाक्य मागे घ्यायचं. तुम्ही हरलात तर माझ्या घराची पायरी पुन्हा चढायची नाही आणि बहिणीला जन्मात एक ओळ लिहायची नाही. डाव संपेपर्यंत भेटीगाठी बंद, पत्रं फक्त खेळाची आणि फक्त आपल्या दोघांत. तुमची बहीण कोणाच्याच बाजूची नाही. ती पिशवीत हात घालून, न बघता, दोघांना ठोकळे काढून देते. तिचं काम तिथे संपलं.

पिशवीत एकूण शंभर. त्यात जे, क्यू, एक्स, झेड प्रत्येकी एक. क्यू मी नोव्हेंबरातच क्यू-ओ-पी-एच, म्हणजे हिब्रू लिपीतलं एक अक्षर, लावून खर्ची घातला. क्यूच्या मागे यू न लावता शब्द करणारा माणूस समोर बसलाय, एवढं लक्षात असू द्या.

माझी खेळी: सी, डब्ल्यू, एम. एकही स्वर नाही. डोंगराच्या कुशीतली वाटीसारखी दरी. तुमचे पुढचे तीन ठोकळे सोबत.

— प्रोफेसर (निवृत्त)


ता. २० जानेवारी

भाऊजी,

नमस्कार केलाय असं धरून चाला.

झॅक्स म्हणजे छपराचे दगड कापायचं हत्यार. तुमच्या शब्दकोशात अगदी शेवटाला असेल. जाड पुस्तकाची शेवटची पानं कुणी उघडत नाही, म्हणून ती नवी राहतात. मी ते पुस्तकात नाही बघितलं. हार्डवेअरच्या दुकानाची पाटी करत होतो, तर मालकाने हातात हत्यारांची यादी दिली आणि म्हणाला, "सगळी लिही." शेवटचं हे. मी म्हटलं, "शेठ, हे खरंच आहे की रंग उरला म्हणून लिहायला सांगताय?" तो आत गेला आणि घेऊनच आला. एका अंगाला पातं, दुसऱ्या अंगाला भोक पाडायचा टोचा. तुमचा तो क्यू-ओ-पी-एच कुठल्या दुकानात ठेवतात? दाखवा आणून.

मी अक्षरं काढतो, हे खरं आहे. तीस वर्षं काढतोय. एसच्या पोटाला किती बाक द्यायचा, आरचा पाय किती लांब टाकायचा, हे मी शिडीवर उभा राहून शिकलो. तुम्ही खुर्चीत बसून शिकलात. म्हणून मला पाय आहेत आणि तुम्हाला गादी.

सी-डब्ल्यू-एम मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाऊजींचा घसा बसलाय का?"

कारखान्याच्या मागच्या भिंतीवर मी चार रकाने रंगवलेत: जे, क्यू, एक्स, झेड. रोज एक वेडावाकडा शब्द शोधून तिथे चढवतो. गिऱ्हाइकं विचारतात, ही कसली दुकानं? मी सांगतो, माझ्या भाऊजींच्या शाखा आहेत, कुठेच खप नाही.

ताई कशी आहे हे विचारायचं नाही असा करार आहे, म्हणून विचारत नाही. काडेपेटीवर तिने चिकटवलेली कागदाची पट्टी तिरकी होती, एवढं मात्र दिसलं. ती कधी तिरकी पट्टी लावत नसे.

माझी खेळी दुसऱ्या कागदावर. तिचे ठोकळे सोबत.

— पेंटर


ता. ८ फेब्रुवारी

शालकमहाशय,

झॅक्स शब्दकोशात आहे. गुण मांडले. आनंद साजरा करू नका, कारण तुमच्याच एक्सला धरून मी एक्स-वाय-एस-टी आडवा लावला आहे: व्यायामासाठी बांधलेली, वरून झाकलेली वाट. तुम्ही हत्यार आणलंत, मी त्याच्यावरून चालत गेलो.

पट्टी तिरकी होती कारण तुमच्या बहिणीला नवा चष्मा लागणार आहे. ती आज जाऊ, उद्या जाऊ करते. हा खेळाबाहेरचा मजकूर आहे, पण तुम्ही पट्टी डावात ओढलीत म्हणून उत्तर दिलं. पुन्हा देणार नाही.

मी एकेचाळीस गुणांनी पुढे आहे. तुमच्या भिंतीवर हाही आकडा रंगवा.

— प्रोफेसर


ता. ३ मार्च

भाऊजी,

माझी खेळी: टी, ओ, ई. पायाचं बोट. हसा.

तुमचे आलेले ठोकळे मिळाले. पट्टी या खेपेलाही तिरकी. ताईला चष्मा करून द्या, आणि लवकर करून द्या. हे मी खेळापुरतंच बोलतोय. पिशवी सांभाळणाऱ्या माणसाला नीट दिसलं पाहिजे.

बाकी या महिन्यात लिहायला काही नाही.

— पेंटर


ता. १९ मार्च

शालकमहाशय,

पिशवी सांभाळणाऱ्याला दिसलं पाहिजे! न बघता काढायचे ठोकळे म्हणजे काय, हे आता मी तुम्हाला समजावून सांगू? की तुमचं म्हणणं असं आहे, की तुमची बहीण बघून तुम्हाला वाईट अक्षरं देते? तसं असेल तर सरळ लिहा. हरू लागलेला माणूस आधी फाशाला शिव्या घालतो, मग फासे टाकणाऱ्याला.

मी तुमचं वाक्य तिला वाचून दाखवलं. ती उठली आणि दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात जाऊन आली. म्हणजे तुमच्या टोमण्याचा एवढा तरी उपयोग झाला.

— प्रोफेसर


ता. २ मे

शालकमहाशय,

गेल्या चार खेळ्या: टो, लिड, पेन, इन. पायाचं बोट, झाकण, लेखणी आणि 'आत'. हे शब्द पहिलीतल्या पुस्तकात चित्रांसकट असतात. चार रकान्यांचं काय झालं? भिंतीला चुना लावलात?

काय होतंय ते मला दिसतं. तुमच्याकडे सात ठोकळे असतात आणि तुम्ही सहाच असल्यासारखे खेळता. एखादं अवजड अक्षर हातात अडकलंय आणि ते कुठे लावावं हे कळत नाही. असं होतं. शिडीवर सगळे शब्द भेटत नाहीत.

अठ्ठ्याऐंशी गुणांचं अंतर झालं. पिशवी आता हलकी होत आली असेल. पायरीचा निरोप घ्यायची तयारी ठेवा.

— प्रोफेसर


ता. ३० मे

भाऊजी,

माझी खेळी: जे, ए, यू, के. स्कॉटलंडातले लोक वापरतात. अर्थ, रेंगाळणं. काम हातात घेऊन मुद्दाम वेळ काढत बसणं. माझ्या भिंतीवर जेच्या रकान्यात वरून तिसरा.

तुम्ही माझी पत्रं घरात मोठ्याने वाचता, दात-ओठ खात, हे मला ठाऊक आहे. मोठ्याने वाचणाऱ्या माणसाच्या पत्रात श्वास घ्यायच्या जागा उमटतात. तेव्हा हा शब्दही मोठ्याने वाचा, अर्थासकट. रेंगाळणं.

आणि अवजड अक्षराची काळजी तुम्ही करू नका. मी बारा फुटी पाट्या एकट्याने उचलल्यात. एक ठोकळा मला जड नाही.

— पेंटर


ता. १८ जुलै

श्रीयुत पेंटर यांस,

आजपासून 'शालक' हा शब्द मी तुमच्यासाठी वापरणार नाही.

काल माझे जुने सहकारी, आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल, चहाला आले होते. पट बघून म्हणाले, "अरे वा, संपत आला की! पिशवीत किती राहिले?" मी पिशवी उचलली. भरलेली होती. पुस्तकं मोजण्यात हयात घालवलेला माणूस, त्यांनी तिथल्या तिथे पट मोजला. एकशे चार. शंभर ठोकळ्यांच्या खेळात पटावरच एकशे चार! ई बारा असतात, पटावर चौदा आहेत. आणि वर पिशवीत ओंजळभर.

तेरा महिने मी शब्द बघत होतो, ठोकळे मोजले नाहीत. ही माझी चूक. पण मोजावे लागतील असा माणूस समोर आहे, हे मला कळायला हवं होतं.

अक्षरं बनवणं हा ज्याचा धंदा, त्याला लाकडाचा तुकडा आणि बारीक ब्रश पुरतो. दर खेपेला तुमच्या काडेपेटीतून एखाद-दुसरा बनावट ठोकळा माझ्या घरात येत होता आणि माझा खरा तुमच्याकडे साठत होता. हवं ते अक्षर बनवायचं आणि लावायचं. तरीही तुम्ही हरत होतात, ही यातली एकमेव गमतीची बाजू.

मी सगळे ठोकळे भिंगाखाली धरले. खरा कुठला, खोटा कुठला, मला ओळखता येत नाही. याला स्तुती समजू नका. हा तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे.

हो की नाही, एवढंच कळवा.

— प्रोफेसर


ता. २६ जुलै

प्रोफेसरसाहेब,

हो.

मीच केले. जुन्या खिडकीचं लाकूड होतं, त्याच्या पट्ट्या पाडल्या, घासल्या, वर अक्षर काढलं. तुम्हाला ओळखता येणार नाही याची खात्री होती. तुम्ही कधी अक्षराकडे बघितलंय? त्याच्यावरून नुसते चालत जाता.

का केलं, ते विचारू नका. हरायला लागलो, डोकं फिरलं असं समजा. तुम्हाला माझ्याबद्दल जे वाटत होतं ते खरं ठरलं, म्हणजे तुमचा दिवस तरी चांगला गेला असेल.

एक गोष्ट नीट वाचा, आणि हीच मोठ्याने वाचा. ताईला यातलं काही माहीत नव्हतं. तिने पिशवी धरली, हात घातला, ठोकळे काढले. तिला एक शब्द बोललात तर करार गेला चुलीत, मी तुमची पायरी काय, जिना चढून येईन.

माझ्या हातातले सहा ठोकळे परत पाठवतोय. सातवा सापडत नाही.

— पेंटर


ता. ५ ऑगस्ट

श्रीयुत पेंटर यांस,

कबुली मिळाली. डाव तुमच्याविरुद्ध निकाली निघाला. शपथ तुमची होती, पाळायची तुम्ही आहे. यापुढे तुमचं पाकीट आलं तर न फोडता परत जाईल.

तुमची कबुली मी तुमच्या बहिणीला वाचून दाखवली. ती उठून स्वयंपाकघरात गेली. लाज वाटली असणार.

निवृत्तीच्या दिवशी तुम्ही माझ्या नावाची जी पाटी करून आणली होतीत, ती तेव्हापासून कपाटामागे उभी आहे. हमालाकरवी पाठवून देतो.

— प्रोफेसर


ता. १४ ऑगस्ट

धाकट्या,

हे पत्र तुमच्या करारात बसत नाही. करार करताना मला कुणी विचारलं नव्हतं, तेव्हा मोडतानाही विचारायचं कारण नाही.

मी स्वयंपाकघरात गेले ती लाजेने नाही. पिठाच्या डब्यामागून पेटी काढायला गेले. दुसरी पेटी. डिसेंबरात स्टेशनरीच्या दुकानातून आणली होती, याच खेळाची, अगदी हीच. दर महिन्याला तुझं पत्र आलं की त्या पेटीतले पाच-सहा ठोकळे मी पिशवीत टाकत असे. ई, ए, टी, असले साधे. कुणी मोजणार नाही असे. क्यू, जे, एक्स, झेड आठवणीने बाजूला ठेवायची.

का, ते तुला वेगळं सांगायला नको, पण लिहून टाकते. तू हरलास तर तू गेलास. तू जिंकलास तर हे शब्दाचे पक्के, तुझ्या कारखान्यात येऊन माणसांसमोर ते वाक्य गिळतील, घरी येतील, आणि मग या घरात तुझं नाव कुणी काढायचं नाही. पस्तीस वर्षं बघतेय मी या माणसाला. तुम्हा दोघांना डावाचा शेवट हवा होता. मला मधलंच हवं होतं. महिन्यातून एकदा पाकीट यायचं, त्याच्यावर माझ्या घराचा पत्ता तू पाटीसारखा काढलेला असायचा. मग हे खुर्चीत बसून तुझ्या शिव्या मोठ्याने वाचायचे आणि मी भाजी निवडत ऐकायची. माझ्या घरात तुझा आवाज यायचा तो असा. दात खात का होईना, यांच्याच तोंडून.

एकदा तुझ्याकडे यायला निघालेही होते. बसच्या थांब्यावर अर्धा तास उभी राहिले आणि परत आले. म्हटलं, मी गेले तर मला भाऊ मिळेल, पण तुम्हा दोघांचं पत्रसुद्धा बंद होईल.

मग फेब्रुवारीत चूक झाली. जुना चष्मा. त्या नव्या पेटीतल्या क्यूची शेपटी एवढीशी, आत वळलेली. मी ओ समजून पिशवीत टाकला, आणि नेमका तोच तुझ्या काडेपेटीत गेला. पेटीत क्यू नाही हे मला नवा चष्मा आल्यावर कळलं. पटावर यांचा क्यू आधीच बसलेला. तू दुसरा लावला असतास तर त्याच दिवशी सगळं बाहेर आलं असतं. रोज वाटायचं, आज लावेल. तू लावला नाहीस. पायाचं बोट लावलंस, झाकण लावलंस. सहा अक्षरांवर पाच महिने खेळलास आणि यांचे टोमणे खाल्लेस. तेव्हा मला कळलं, की तुला कळलंय. जे-ए-यू-के आला त्या दिवशी मी भाजी निवडता निवडता हसले. हे म्हणाले, "हसायला काय झालं?" मी म्हटलं, "अळी निघाली."

पण खिडकीचं लाकूड, पट्ट्या पाडल्या... कमाल आहे तुझी! लहानपणी शाईची दौत मी सांडली होती तेव्हाही असंच खोटं बोलला होतास. तेव्हाही चांगलं जमलं नव्हतं.

तर, यांनी तुला लिहिलेलं पत्र मला वाचून दाखवलं, टपालात टाकून आले, तेव्हा मी पेटी आणून टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. यांनी पेटीचं झाकण काढलं, परत लावलं. मग म्हणाले, "तुम्ही दोघा भावंडांनी माझ्या घरात, माझ्या टेबलावर मला वर्षभर फसवलं." मी म्हटलं, "हो." मग म्हणाले, "त्याला कसं कळलं? मला भिंगातून दिसलं नाही ते त्याला कसं दिसलं?" मी म्हटलं, "तुम्ही शब्द वाचता. तो अक्षरं वाचतो."

त्यानंतर जे केलं ते रागाने केलं, पण केल्याचं वाईट वाटत नाही. पट, पिशवी, पेटी, यांच्या हातातले, तू परत पाठवलेले सहा, सगळं मोठ्या पातेल्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी कालवलं. म्हटलं, घ्या, आता काढा वेगळे.

आज नववा दिवस. भिंग घेऊन बसलेत. माझ्याशी बोलत नाहीत. काल एक ई आणि दुसरी ई शेजारी ठेवून तासभर बघत होते आणि शेवटी दोन्ही परत पातेल्यात टाकल्या.

मी तुझ्या बाजूची नाही, यांच्याही नाही. पिशवी माझ्याकडे होती, मी पिशवीच्या बाजूची.

— ताई


ता. ३० ऑगस्ट

श्रीयुत पेंटर यांस,

विषय: ठोकळे वेगळे करून देण्याचे काम.

तुमची कबुली खोटी निघाली. खोटी कबुली देणाऱ्याला काय शिक्षा करावी हे खेळाच्या नियमांत दिलेलं नाही. मी शोधतो आहे. तोवर डाव रद्द समजावा. जिंकलं कोणी नाही, हरलं कोणी नाही. मात्र मी अठ्ठ्याऐंशी गुणांनी पुढे होतो याची नोंद राहील.

माझ्या घरात सध्या एका पातेल्यात एकशे नव्याण्णव ठोकळे आहेत. दोनशेवा तुमच्याकडे 'सापडत नाही'. यातले मूळचे माझे शंभर मला वेगळे करून हवे आहेत. हे काम मी पंचवीस दिवस करून पाहिलं. मला जमत नाही. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली, तेव्हा ते दुसऱ्यांदा लिहून घेण्याच्या भरीस पडू नये. तुमच्या बहिणीचं म्हणणं, हे काम अक्षरं वाचता येणाऱ्या माणसाचं आहे. तिचं म्हणणं मी फक्त कळवतो आहे.

येत्या रविवारी चार वाजता यावं. गैरसमज नको, म्हणून स्पष्ट करतो. नातेवाईक म्हणून तुम्हाला बोलावलेलं नाही. कारागीर म्हणून बोलावलं आहे. रद्द झालेल्या डावाची शपथ उरते की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. मला वाद नको आहे. शपथ पायरीची होती. मागच्या दाराला पायरी नाही, ते मी स्वतः जाऊन पाहिलं.

मागचं दार चुकू नये म्हणून तुमची ती पाटी त्याच्यावर लावली आहे. खिळा मी ठोकला. तो वाकडा गेला आहे आणि पाटीही थोडी कललेली आहे, पण अक्षरं वाचता येतात.

चहा मिळेल. कामावर आलेल्या कोणालाही मिळतो.

शंभर पुरे झाले की नवा डाव मांडू. समोरासमोर, प्रत्येक ठोकळा मोजून. त्यात मी तुम्हाला हरवणार आहे.

— प्रोफेसर


ता. ४ सप्टेंबर

भाऊजी,

काम घेतलं. रविवारी चारला मागच्या दाराशी येतो. पाटीला हात लावू नका, खिळा मी बघतो. हातोडी घेऊन येतोय. ती खिळ्यासाठीच आहे, घाबरू नका.

तुमच्या मूळच्या ईची मधली दांडी आखूड आहे. नव्या पेटीतल्या ईच्या तिन्ही दांड्या सारख्या. तुमचा आर पाय पुढे टाकून उभा असतो, नवा पाय जवळ घेऊन. आठ फेब्रुवारीच्या काडेपेटीतच मला हे दिसलं होतं, आणि ते कुणाचं काम हेही कळलं होतं. तेव्हा अठ्ठ्याऐंशी गुणांची नोंद ठेवायची असेल तर तिच्या शेजारी हेही लिहून ठेवा.

एकदा नजर बसली की एकशे नव्याण्णव ठोकळे म्हणजे अर्ध्या तासाचं काम. पण आधीच सांगून ठेवतो, नंतर बोल लावाल. मी घाईने काम करणारा माणूस नाही. एका रविवारी मी एकच अक्षर वेगळं करतो. एपासून सुरुवात करू.

क्यू सतराव्या रविवारी येईल. तो सापडलाय, माझ्या खिशात आहे. तोवर तिथेच राहू दे.

— पेंटर